बालसंरक्षण कार्यकर्त्यांचे ऑनलाईन प्रशिक्षण आणि मुलांच्या नोंदींची जपणूक

घर सोडून आलेले, घरातच छळ सोसलेले किंवा आपत्तीत आईवडिलांपासून ताटातूट झालेले मूल जेव्हा प्रथमच एखाद्या अनोळखी व्यक्तीपुढे तोंड उघडते, तेव्हा तो क्षण अत्यंत नाजूक असतो. धीर एकवटून ते आपली हकीकत सांगते. परंतु बहुतेक वेळा ती हकीकत तेथेच संपत नाही. पोलीस ठाण्यात ती एकदा सांगावी लागते, रुग्णालयात दुसऱ्यांदा, समितीपुढे तिसऱ्यांदा आणि बालगृहात पोहोचल्यावर चौथ्यांदा. प्रत्येक वेळी जखमेवरची खपली निघते. शेवटी मूल एक तर गप्प होते किंवा समोरच्याला जे ऐकावयाचे आहे तेवढेच बोलू लागते.

हे टाळावयाचे असेल तर पहिल्या व्यक्तीने ऐकलेली माहिती योग्य शब्दांत नोंदली गेली पाहिजे, ती योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचली पाहिजे आणि अयोग्य व्यक्तीपासून दूर राहिली पाहिजे. पूर्वी हे काम कागदी फाईल करीत असे. फाईल कपाटात राही, कधी कार्यकर्त्याच्या पिशवीतून गावोगाव हिंडे, कधी पावसात भिजे, तर कधी बदलून गेलेल्या कार्यकर्त्याबरोबर तिचा ठावठिकाणाही नाहीसा होई. गेल्या दोन दशकांत या कामासाठी खास संगणक प्रणाली तयार झाल्या असून त्या कशा वापराव्यात याचे प्रशिक्षणही आता मोठ्या प्रमाणावर ऑनलाईन दिले जाते. हे प्रशिक्षण नेमके काय शिकविते आणि आपल्यासारख्या सामान्य भाविकांचा त्याच्याशी काय संबंध, हे समजावून घेण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

प्रकरण व्यवस्थापन म्हणजे काय?

बालसंरक्षणाच्या क्षेत्रात प्रत्येक मुलाच्या प्रश्नाला कार्यकर्ते 'केस' म्हणतात आणि त्या मुलाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत साथ देण्याच्या पद्धतीला 'केस मॅनेजमेंट', म्हणजे प्रकरण व्यवस्थापन. २०१४ साली विविध आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून याविषयी मार्गदर्शक सूचना तयार केल्या. त्यांत या कामाच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. प्रथम मुलाची ओळख पटवून नोंदणी करणे. दुसरे, त्याच्या परिस्थितीचे व गरजांचे मूल्यमापन करणे. तिसरे, त्या मुलापुरता स्वतंत्र आराखडा आखणे. चौथे, आराखड्याप्रमाणे प्रत्यक्ष मदत देणे अथवा मिळवून देणे. पाचवे, पाठपुरावा करून वेळोवेळी आढावा घेणे. आणि सहावे, मूल सुरक्षित झाल्याची खात्री पटल्यावरच प्रकरण बंद करणे.

वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात मात्र चौथ्या आणि पाचव्या पायरीदरम्यान अनेक मुले हरवतात. मूल नातेवाइकांकडे सोपविले जाते, छायाचित्र काढले जाते, सर्वजण समाधानाने परततात; पण महिन्याभराने त्या घरी जाऊन विचारपूस करावयाची हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. संगणक प्रणालीचा पहिला उपयोग येथेच आहे. तिच्यात सहाही पायऱ्या क्रमाने बांधलेल्या असतात. एखादी भेट मुदतीत झाली नाही, तर ते प्रकरण मुदत उलटलेल्या कामांत कार्यकर्त्याला व त्याच्या पर्यवेक्षकाला पडद्यावर दिसत राहते.

प्रणालीचा जन्म

या प्रणालींच्या मागे मोठ्या मानवी शोकांतिकांचा अनुभव आहे. १९९४ साली रवांडात झालेल्या नरसंहारानंतर एक लाखाहून अधिक मुले आपल्या कुटुंबांपासून दुरावली होती. त्यांची नावे, गावे, आईवडिलांची माहिती नोंदवून ती शेजारच्या देशांतील छावण्यांमधील माहितीशी जुळवून पाहण्याचे प्रचंड काम मदत संस्थांना करावे लागले. प्रत्येक संस्थेचे अर्ज वेगळे, याद्या वेगळ्या, तर एकाच मुलाचे नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिले जाणे स्वाभाविकच.

अशा अनुभवांतून शहाणे होऊन युनिसेफ, सेव्ह द चिल्ड्रेन आणि इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी या संस्थांनी २००५ च्या सुमारास एक सामाईक माहिती प्रणाली वापरात आणली. तिचीच पुढची पिढी म्हणजे 'प्रिमेरो' या मंचावर चालणारी 'सीपीआयएमएस प्लस' ही प्रणाली. ती मुक्त स्रोत पद्धतीची असल्याने तिच्या वापरासाठी परवाना शुल्क द्यावे लागत नाही आणि प्रत्येक देशाला आपल्या भाषेप्रमाणे व कायद्याप्रमाणे तिच्यात बदल करता येतो.

ऑनलाईन वर्गाची रचना

कार्यकर्ते दूरदूरच्या जिल्ह्यांत, छावण्यांत आणि सीमाभागांत काम करतात. त्यांना एका शहरात बोलावून आठवडाभर वर्ग घेणे खर्चिक असते आणि त्या काळात मुलांकडे पाहणारे कोणी उरत नाही. २०२० साली कोविडची साथ आल्यावर तर प्रवासच थांबला आणि ऑनलाईन प्रशिक्षणाला सर्वत्र गती मिळाली.

असे प्रशिक्षण साधारणतः तीन भागांत विभागलेले असते. पहिल्या भागात कार्यकर्ता आपल्या सवडीने पाठ वाचतो, चित्रफिती पाहतो आणि प्रत्येक पाठाच्या शेवटी प्रश्नांची उत्तरे देतो. युनिसेफच्या 'अगोरा' या शिक्षण मंचावर अशा प्रकारचे अभ्यासक्रम असतात. दुसऱ्या भागात प्रशिक्षक दृक्श्राव्य माध्यमातून प्रत्यक्ष वर्ग घेतो, आपला पडदा सर्वांना दाखवितो आणि शंकांना उत्तरे देतो. तिसरा भाग सरावाचा. त्यासाठी मूळ प्रणालीची एक वेगळी प्रत ठेवलेली असते. तिच्यातील सर्व मुले काल्पनिक असतात. येथे नियम एकच आणि कडक: सरावासाठी खऱ्या मुलाची माहिती कधीही वापरावयाची नाही. शिकणाऱ्याच्या हातून चुका होणारच. पण त्या चुकांची किंमत एखाद्या खऱ्या मुलाने मोजता कामा नये.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पुरानंतर उभारलेल्या छावणीत बारा वर्षांचा एक मुलगा एकटाच आढळतो. सोबत आलेले काका दोन दिवसांपूर्वी कामाच्या शोधात निघून गेले आहेत. मुलाच्या दंडावर जुने वळ आहेत. प्रशिक्षणार्थींना सांगितले जाते, "या मुलाची नोंद करा."

काय लिहावे, काय लिहू नये

येथून खऱ्या शिक्षणाला सुरुवात होते. नवा कार्यकर्ता लगेच रकाने भरावयास घेतो. प्रशिक्षक त्याला थांबवून विचारतो, "मुलाला विचारलेत का?" नोंद करण्यापूर्वी मुलाला त्याच्या वयाला समजेल अशा भाषेत सांगावयाचे असते की ही माहिती का घेतली जात आहे, ती कोण पाहील, आणि कोणती गोष्ट कोणाला कळू नये असे त्याला वाटते. त्याच्या जिवाला धोका असेल तर ती गोष्ट वरिष्ठांना सांगावीच लागेल, हेही आधीच प्रामाणिकपणे सांगावयाचे असते. "कोणालाच सांगणार नाही" असे खोटे वचन देऊन मिळविलेली माहिती मुलाचा विश्वासघात करते. या संमतीचा रकाना प्रणालीत असतो. पण रकान्यावर खूण करणे म्हणजे संमती घेणे नव्हे, हे प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा बजावले जाते.

त्यानंतर प्रश्न येतो शब्दांचा. "काका मारकुटे आहेत" असे एकाने लिहिले. हे मत झाले. "डाव्या दंडावर तीन जुने वळ दिसले, काकांनी पट्ट्याने मारल्याचे मुलाने सांगितले" ही नोंद झाली. काय पाहिले, काय ऐकले आणि स्वतःला काय वाटते या तीन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची सवय लावणे हा प्रशिक्षणाचा गाभा आहे. वय ठाऊक नसेल तर ते अंदाजे असल्याचे नमूद करावयाचे. "मुलगा खोटारडा वाटतो", "मुलगी नखरेल आहे" अशी वाक्ये तर मुलाचा वर्षानुवर्षे पाठलाग करतात. पुढे जो कोणी ती नोंद उघडेल, तो मुलाला भेटण्याआधीच त्याच्याविषयी ग्रह करून घेईल. कागदावरचे वाक्य एका कपाटात राहत होते. संगणकातील वाक्य मुलाच्या मागोमाग जिल्हा ओलांडून जाते.

तसेच, माहिती जितकी अधिक तितके काम चांगले, हाही एक भ्रम आहे. मुलाच्या मदतीसाठी जे आवश्यक आहे तेवढेच विचारावे. अत्याचाराचा तपशील खोदून काढणे हे नोंद करणाऱ्या कार्यकर्त्याचे काम नव्हे. त्यासाठी कायद्याने नेमलेली व प्रशिक्षित माणसे असतात.

कोणी पाहावे?

नोंद तयार झाली की ती कोणाला दिसावी हा प्रश्न उभा राहतो. 'प्रिमेरो'सारख्या प्रणालीत प्रत्येकाला त्याच्या कामाप्रमाणे अधिकार दिलेले असतात. कार्यकर्त्याला त्याच्याकडे सोपविलेली प्रकरणे दिसतात, पर्यवेक्षकाला आपल्या गटाची, तर आकडेवारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला नावांची गरजच नसते. मुलाची ओळख पुष्कळदा नावाऐवजी सांकेतिक क्रमांकाने ठेवली जाते. नोंदीत कोणी व केव्हा बदल केला याचीही नोंद आपोआप होते.

आपल्या उदाहरणातील मुलाला दवाखान्यात पाठवावयाचे आहे. डॉक्टरांना वळांविषयी आणि तापाविषयी कळले पाहिजे. परंतु मुलाच्या आईविषयी छावणीत जी कुजबुज चालते ती त्यांना कळण्याची आवश्यकता नाही. म्हणून संदर्भ सेवेसाठी पाठविताना संपूर्ण फाईल नव्हे, तर आवश्यक तेवढाच भाग द्यावयाचा असतो. याउलट मूल दुसऱ्या जिल्ह्यात राहावयास गेले, तर संपूर्ण जबाबदारीच दुसऱ्या कार्यकर्त्याकडे सोपवावी लागते. संदर्भित करणे आणि हस्तांतरित करणे यांतील हा फरक ऑनलाईन सरावात अनेकांचा चुकतो, आणि तो चुकला की जुना कार्यकर्ता समजतो नवा पाहील, नवा समजतो जुना पाहील.

मनुष्यस्वभावाच्या लहानसहान सवयी मात्र सर्वांत धोकादायक ठरतात. एकच पासवर्ड पाचजणांनी वापरणे, तो चिठ्ठीवर लिहून संगणकाला चिकटविणे, "लवकर कळावे" म्हणून मुलाचे छायाचित्र व्हॉट्सअॅप गटावर टाकणे, मोबाईल हरवल्यावर ओरडा बसेल या भीतीने दोन दिवस गप्प राहणे. मोबाईल हरवल्याचे तत्काळ कळविल्यास ते खाते बंद करता येते. म्हणूनच कळविणाऱ्याला रागावू नये, असे पर्यवेक्षकांना शिकवावे लागते. जेथे इंटरनेट पोहोचत नाही तेथे मोबाईलवर नोंद करून नंतर जोडणी मिळताच ती मुख्य प्रणालीत पाठविण्याची सोय 'प्रिमेरो'त आहे. सोय मोठी आहे. परंतु तोवर एका मुलाचे सारे गुपित त्या मोबाईलमध्ये असते, हे विसरून चालत नाही.

ऑनलाईन प्रशिक्षणाच्या मर्यादा

या पद्धतीच्या उणिवाही आहेत. पडद्यावरील प्रश्नांची बरोबर उत्तरे देणारा कार्यकर्ता रडणाऱ्या मुलाजवळ कसा बसतो, हे संगणकाला दिसत नाही. शांतता कशी सहन करावी, कोणता प्रश्न उद्यावर ठेवावा, हे अनुभवी सहकाऱ्याच्या सोबतीनेच शिकता येते. त्यासाठी ऑनलाईन वर्गानंतर प्रत्यक्ष पर्यवेक्षण चालू राहिले पाहिजे.

दुसरी अडचण कामाच्या ओझ्याची. मानवतावादी कार्यातील बालसंरक्षणाची किमान मानके २०१२ साली प्रसिद्ध झाली आणि २०१९ साली सुधारण्यात आली. एका कार्यकर्त्याकडे एका वेळी पंचवीसपेक्षा अधिक मुलांची प्रकरणे नसावीत अशी त्यांची अपेक्षा आहे. ज्याच्याकडे याच्या दुप्पट मुले आहेत, त्याला कितीही उत्तम प्रणाली दिली तरी तो रकानेच भरत राहील. मुदत उलटलेल्या भेटी पडद्यावर दिसतील. भेटी देण्यास माणूस मात्र नसेल. प्रणाली आठवण देऊ शकते; मुलाच्या दाराशी जावे लागते ते माणसालाच.

आपल्या देशातील व्यवस्था

आतापर्यंत पाहिलेली प्रणाली मुख्यतः आपत्ती, युद्ध व विस्थापन यांतून जन्मली. आपल्या देशात हेच काम बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या कायद्याच्या चौकटीत चालते. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल सापडल्यास प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. त्यानंतर सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत पूर्ण व्हावयाचा असतो. प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक काळजी आराखडा करावा लागतो. २०१६ च्या नियमांत त्याचा सातव्या क्रमांकाचा नमुना दिलेला आहे. म्हणजेच नोंदणी, मूल्यमापन, आराखडा आणि आढावा या पायऱ्या आपल्या कायद्यातही आहेतच.

हरवलेल्या व सापडलेल्या मुलांच्या नोंदींसाठी केंद्र शासनाने 'ट्रॅक चाईल्ड' ही प्रणाली आणली आणि २०१५ साली नागरिकांना माहिती देता यावी म्हणून 'खोया-पाया' सुरू केले. २०२२ मध्ये 'मिशन वात्सल्य' योजनेच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि त्याच नावाच्या पोर्टलखाली या व्यवस्था एकत्र आणण्यात आल्या. मुलांच्या मदतीसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा तर आपल्या मुंबईचीच देणगी आहे. १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने ती प्रयोग म्हणून सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. २०२३ पासून ती शासनामार्फत चालविली जात असून ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली जात आहे.

गोपनीयतेबाबतही आपला कायदा कठोर आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा त्याची ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करणे हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

ख्रिस्तसभा आणि ही जबाबदारी

आपल्या अनेक धर्मभगिनी आणि धर्मगुरू वसतिगृहे, शाळा व बालगृहे चालवितात. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठीच्या संस्थांना कलम ४१ नुसार नोंदणी बंधनकारक आहे. तेथील सेवकांना मुलांच्या नोंदी संगणकावर ठेवाव्या लागतात आणि म्हणून हे प्रशिक्षण त्यांच्याही वाट्याला येते.

वैश्विक ख्रिस्तसभेनेही ऑनलाईन शिक्षणाचा मार्ग अवलंबिला आहे. रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठाने २०१२ साली म्युनिक येथे बालसंरक्षण केंद्र सुरू केले आणि विविध देशांतील कार्यकर्त्यांसाठी ऑनलाईन अभ्यासक्रम तयार केला. २०२१ मध्ये या केंद्राचे एका स्वतंत्र संस्थेत रूपांतर झाले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आणि २०२३ मध्ये कायम स्वरूपात लागू केलेल्या 'व्होस एस्टिस लुक्स मुंदी' या आदेशपत्राने धर्मप्रांतांत तक्रार नोंदविण्याची व्यवस्था आवश्यक केली. आलेली माहिती सुरक्षित, अबाधित व गोपनीय राहावी अशीही त्यात तरतूद आहे. मात्र गोपनीयता मुलाच्या रक्षणासाठी असते, संस्थेची अब्रू झाकण्यासाठी नव्हे, आणि ती पाळावयाची म्हणून देशाच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळविण्याचे कर्तव्य सुटत नाही. हा भेद आपणा सर्वांना कळावयास हवा. कारण या दोहोंची गल्लत झाल्यामुळे अनेक देशांत मुलांवर फार मोठा अन्याय झाला आहे.

आपण काय करू शकतो?

आपल्यापैकी बहुतेकांना ही प्रणाली कधी उघडावी लागणार नाही. तरीही तिच्यातील पहिली माहिती पुष्कळदा शेजारी, शिक्षक, धर्मशिक्षण देणारी ताई किंवा स्थानकावरचा प्रवासी यांच्याकडूनच येते. म्हणून काही गोष्टी प्रत्येकाने ध्यानात ठेवाव्यात.

एकटे, हरवलेले किंवा निराधार दिसणारे मूल आढळल्यास चोवीस तासांच्या आत १०९८, पोलीस, बालकल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कोणालाही कळविणे हे कायदेशीर कर्तव्य आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास किंवा तशी शंका असल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक असून न कळविणे हा गुन्हा आहे.

मूल काही सांगू लागल्यास शांतपणे ऐकावे, उलटतपासणी करू नये. "तू सांगितलेस हे चांगले केलेस" एवढे वाक्य पुरेसे असते. त्याचे शब्द शक्य तितके त्याच्याच भाषेत त्याच दिवशी लिहून ठेवावेत आणि योग्य त्या व्यक्तीलाच द्यावेत. मुलाचे छायाचित्र सद्भावनेनेही गटागटांतून फिरवू नये. एकदा बाहेर गेलेले छायाचित्र परत बोलाविता येत नाही. ते मूल मोठे होईल, लग्न करील, नोकरी शोधील, आणि ते छायाचित्र तेव्हाही कोठेतरी असेल.

आणि आपल्या गावात, धर्मग्रामात कोणी बालसंरक्षण कार्यकर्ता असेल, तर त्याच्याकडून त्या मुलाविषयी काही काढून घेण्याचा प्रयत्न करू नये. "काय झाले हो त्या मुलीचे?" या आपुलकीच्या प्रश्नाला तो हसून दुसरा विषय काढील. त्याचा तो अबोला तुसडेपणाचा नाही. त्या मुलीने त्याच्याकडे जे विश्वासाने ठेवायला दिले आहे, ते तो जपत असतो.